धनादेश म्हणजे पगार नव्हे

डोंबिवलीच्या एमआयडीसीत स्फोट झाला की दिवस मावळायच्या आत दोन गोष्टी ऐकू येतात. एक मंत्र्यांकडून येते: मृतांच्या वारसांना पाच लाख, जखमींच्या उपचाराचा खर्च सरकारचा. दुसरी कारखानदारीच्या वर्तुळातून येते आणि ती वर्तमानपत्रात सहसा छापून येत नाही: आम्ही काही माणसांना वाऱ्यावर सोडत नाही, दवाखान्याचं बिल भरतो, वर खर्चापाण्याला हातात काहीतरी ठेवतो, आता याहून काय करायचं? २६ मे २०१६ रोजी प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये झालेल्या स्फोटात १२ जण दगावले आणि दोनशेच्या आसपास लोक जखमी झाले. पुढे २३ मे २०२४ रोजी, आठ वर्षं भरायला तीन दिवस असताना, अमुदान केमिकल्सच्या स्फोटात दहाहून अधिक जीव गेले. दोन्ही वेळा चर्चा झाली ती रासायनिक कारखाने हलवायचे का, परवानगी कोणी दिली, फुटलेल्या काचांचे पंचनामे झाले का, या विषयांवर. जखमी कामगाराच्या घरात पुढच्या महिन्याच्या सात तारखेला काय आलं, हा प्रश्न मात्र मागे राहिला. सानुग्रह मदत आणि मालकाचा चांगुलपणा मिळून हे भागतं, असं गृहीत धरलं गेलं. माझा विरोध या गृहीतकाला आहे. अपघातात कामगाराचं बुडतं ते दरमहाचं उत्पन्न. ते दरमहाच भरून निघायला हवं. त्याची सोय आपल्याकडे सत्तर वर्षांहून अधिक काळ आहे आणि आपण ती वापरत नाही.

आधी पाच लाखांचं बघू. मदत जाहीर करू नका, असं कोणीच म्हणणार नाही. पण ती कायद्याने देय असलेल्या रकमेच्या जागी येऊन बसते, ही अडचण आहे. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचं सूत्र असं: मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. वेतन कितीही असलं तरी हिशेबात धरायचं ते जास्तीत जास्त १५,००० रुपये. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५ लाख ५९ हजार ८५०. कायद्याने मालकाकडून येणं आहे ते हे, आणि जाहीर झालेले पाच लाख त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. ते पाच लाख जनतेच्या तिजोरीतून जातात, मालकाच्या खिशातून नाही, ही आणखी वेगळी गोष्ट. १ ऑगस्ट २०२३च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरलांब्याजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं आणि २० जण ठार झाले. राज्याचे पाच लाख आणि पंतप्रधान निधीचे दोन लाख त्याच दिवशी जाहीर झाले, जखमींना ५० हजार. पन्नास हजारांत मोडलेल्या पायाचे किती महिने निघतात, याचा हिशेब कोणी मांडला नाही. कायद्याची रक्कम आणि मदतीची रक्कम शेजारीशेजारी छापली गेली असती तर वाचकाला फरक कळला असता. पण सरकारी पत्रकात तो स्तंभच नसतो.

स्फोटाच्या बातम्या होतात, बोटांच्या होत नाहीत. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या पॉवर प्रेसवर पत्र्याचा तुकडा डायमध्ये सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, तुकडा काढायचा, पुढचा सरकवायचा. पाळी संपेपर्यंत हेच. उत्पादन वाढावं म्हणून गार्ड काढून ठेवलेला असतो, आणि एका खेपेला हात अर्धा क्षण मागे राहतो. दोन बोटं जातात. पुढचा क्रम ठाणे-डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्यात सगळ्यांना पाठ आहे. रिक्षात घालून जवळच्या खासगी दवाखान्यात नेतात, केसपेपरवर 'घरी पडला' असं काहीतरी लिहिलं जातं, बिल शेठ भरतो, मुकादम घरी येऊन पाच-दहा हजार देतो आणि हात बरा झाला की ये म्हणतो. पहिला महिना जातो, दुसरा जातो, उचल वाढते. तिसऱ्या महिन्यात त्या मशीनवर दुसरा मुलगा उभा असतो. शेठने दिलं हे खोटं नाही. पण दवाखान्याचं बिल ही भरपाईच नव्हे. २००९च्या दुरुस्तीने उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने सोसायचा असं स्वतंत्रपणे म्हटलं आहे आणि भरपाई त्याहून वेगळी ठेवली आहे. कायद्यातली आणखी एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. मृत्यूच्या प्रकरणात रक्कम कामगार भरपाई आयुक्ताकडेच जमा करावी लागते. घरी जाऊन विधवेच्या हातात ठेवलेले पैसे, तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल सोडली तर, भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. जखमी कामगाराशी एकरकमी तडजोड केली तर तिचा करार आयुक्ताकडे नोंदवायला हवा. नोंदवला नाही तर मालकाची पूर्ण रकमेची जबाबदारी कायम राहते. शंभर वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना मिटवामिटवी कशी चालते हे चांगलं ठाऊक होतं, असंच यावरून दिसतं.

१९२३चा कायदा १ जुलै १९२४ रोजी अमलात आला. त्याआधी जखमी माणसाला दावा लावून मालकाची चूक सिद्ध करावी लागे, आणि मालकाच्या बाजूने तीन ढाली तयार असत: कामाचा धोका तू पत्करला होतास, हलगर्जी तुझी होती, चूक तुझ्याच सोबत्याची होती. जर्मनीत १८८४ साली आणि इंग्लंडमध्ये १८९७ साली हा वाद एका सौद्याने मिटला. चूक कोणाची हे विचारायचं नाही, कामावर इजा झाली की भरपाई मिळेल. बदल्यात कामगाराला पूर्ण नुकसान नाही, ठरलेला हिस्साच मिळेल. भारतीय कायद्याने तोच सौदा उचलला. 'चूक त्याचीच होती' हा आजही सर्रास ऐकू येणारा युक्तिवाद त्यामुळे शंभर वर्षं उशिराचा ठरतो. साधी बेपर्वाई हे भरपाई नाकारण्याचं कारण नाही. दारूच्या अमलात असणं, सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडणं, गार्ड जाणूनबुजून काढणं, एवढीच कारणं कायद्याने मानली आहेत, आणि मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तीही मानली जात नाहीत. गार्ड कोणी काढायला लावला होता हा प्रश्न तर वेगळाच. कामगाराने या सौद्यात आपला वाटा कधीच दिला आहे, म्हणजे पूर्ण नुकसान मागण्याचा हक्क सोडला आहे. दुसऱ्या बाजूने आता उपकाराची भाषा वापरावी, हे मला पटत नाही.

पण १९२३च्या कायद्यात एक मूलभूत दोष राहिला, आणि तिथे मी त्याचा वकील नाही. जबाबदारी एकट्या मालकावर असल्यामुळे पैसे मिळणं त्याच्या ऐपतीवर आणि दानतीवर राहिलं. मालक नाकारतो, प्रकरण ठाण्याच्या कामगार न्यायालयात जातं, तारखा पडतात, अपील होतं. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा रात्रपाळीचा पहारेकरी २००३ साली कामावर जाताना अपघातात गेला. ती कामावरची इजा मानायची की नाही, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये कुटुंबाच्या बाजूने दिला. मधे बावीस वर्षं गेली. बारा टक्के व्याजाची तरतूद आहे, पन्नास टक्क्यांपर्यंत दंडाचीही आहे. पण बावीस वर्षांपूर्वीचं घरभाडं आणि शाळेची फी व्याजाने मागे जाऊन भरता येत नाही. तात्पुरत्या अपंगत्वातही हा कायदा तोकडा पडतो. दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या पंचवीस टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार, तोही १५,०००च्या मर्यादेत. महिन्याला जास्तीत जास्त ७,५०० रुपये. दिवा किंवा टिटवाळ्याच्या चाळीतल्या एका खोलीचं भाडं आणि वीजबिल गेल्यावर त्यातून किती उरतं, हे ज्याचं त्याने ताडून पाहावं.

हा दोष ओळखूनच १९४८चा राज्य कामगार विमा (ईएसआय) कायदा आला. बी. पी. आदारकर यांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारिणीत कामगार खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. पुढे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या स्टॅक आणि राव या तज्ज्ञांनी सुचवल्यावरून आजारपण, प्रसूती आणि कामावरची इजा या तिन्ही गोष्टी एकाच योजनेत आल्या. मर्म असं की धोका एका मालकाच्या डोक्यावरून उतरवून सगळ्यांच्या वर्गणीवर ठेवला. ज्या कारखान्यात अपघात झाला तो उद्या बंद पडला, मालक परागंदा झाला, तरी जखमी माणसाचं देणं थांबत नाही. आणि ते देणं आहे किती? कामावरच्या इजेमुळे घरी बसावं लागलं तर सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के, दवाखान्याचा दाखला आहे तोवर. साध्या आजारपणात ७० टक्के आणि तेही ९१ दिवस. इजेच्या बाबतीत मात्र दिवसांची मर्यादा नाही आणि आधी किती वर्गणी भरली याची अटही नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क लागू. कायमचं नुकसान राहिलं तर वैद्यकीय मंडळ कमाईच्या क्षमतेत किती टक्के घट झाली ते ठरवतं आणि तेवढ्या प्रमाणात दरमहा रक्कम आयुष्यभर येते, माणूस पुन्हा कामावर गेला तरीही. वीस हजार पगाराच्या त्या प्रेसवाल्याचंच उदाहरण घेऊ. बरा होईपर्यंत त्याला ढोबळमानाने महिन्याला १८ हजार मिळतील. एका हाताची दोन बोटं गेली तर परिशिष्टात क्षमतेची घट २० टक्के धरली आहे, म्हणजे पुढे जन्मभर सुमारे ३,६०० रुपये महिना. मुकादमाच्या दहा हजारांशी हे ताडून पाहा.

यातली सर्वांत विचित्र गोष्ट पगार थोडा वाढला की उघडी पडते. विम्याची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० आहे. २० हजारांचा कामगार विम्याखाली, त्याला १८ हजार. शेजारच्या मशीनवरचा, अनुभवाने थोरला आणि २२ हजार घेणारा, विम्याबाहेर. तो १९२३च्या तरतुदीत पडतो आणि त्याला मिळतात ७,५००, म्हणजे पगाराच्या चौतीस टक्के. दोन हजारांची वाढ मिळाल्याची शिक्षा म्हणून अपघातातलं संरक्षण साडेदहा हजारांनी घटतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, दोन्ही जुने कायदे तिच्यात गेले, पण ही भिंत तशीच आत आली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६४च्या १२१व्या करारात इजेच्या काळात वेतनाच्या ६० टक्क्यांचं प्रमाण सांगितलं आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही. विम्याने आपण त्या प्रमाणाच्या कितीतरी पुढे गेलो आणि मर्यादेबाहेरच्या माणसाला त्याच्या कितीतरी मागे ठेवलं. एकाच शेडमध्ये, एकाच छपराखाली.

आता आक्षेप. पहिला लहान उद्योजकाचा, आणि तो प्रामाणिक आहे: आमचं कंबरडं मोडेल. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. पंधरा हजारांच्या कामगारामागे मालकाचे महिन्याला ४८७ रुपये ५० पैसे. दहा माणसांच्या युनिटला वर्षाला साडेअठ्ठावन्न हजार होतात. ही रक्कम लहान नाही. पण विमा नसेल तर त्याच मालकावर काय येतं ते बघा. तीस वर्षांच्या एका कामगाराची दोन बोटं गेली तर १९२३च्या सूत्राने १५,०००च्या साठ टक्क्यांना २०७.९८ने गुणून त्याचे वीस टक्के, म्हणजे ३ लाख ७४ हजार ३६४ रुपये, वर उपचार आणि उशीर झाला तर व्याज. मृत्यू झाला तर साडेपंधरा लाख. लहान युनिट वर्गणीने बुडत नाही, बुडेल तर अशा एका दिवशी बुडेल. आणि त्या दिवशी जखमी माणूस मालकाबरोबरच बुडतो. म्हणून लहान युनिटलाच विम्याची गरज जास्त. विम्याखाली असलेल्या कामगाराला १९२३च्या कायद्याचा दावा मालकावर लावता येत नाही, हे संरक्षण मालकाला मिळतं. संघटनांच्या बैठकीत ते कोणी सांगत नाही. जिथे वर्गणी वाचवण्यासाठी एकाच शेडचे तीन नावांवर तीन कारखाने दाखवून प्रत्येकी दहाच्या आत माणसं ठेवली जातात, तिथे खरं म्हणजे मालकच स्वतःला उघडं टाकतो.

दुसरा आक्षेप मला कमी प्रामाणिक वाटतो: नव्वद टक्के घरबसल्या मिळाले तर कोण कामावर येईल? पहिली गोष्ट, तीन दिवसांपेक्षा कमी काळासाठी काहीच मिळत नाही. दुसरी, दाखला मालक देत नाही आणि कामगारही देत नाही, विम्याचा डॉक्टर देतो. कायमच्या अपंगत्वासाठी तर मंडळ बसतं. तिसरी, ठेकेदाराकडच्या माणसाला खाड्याचा अर्थ पक्का माहीत असतो: जागा गेली. या काळात कामावरून काढता येत नाही असं कायदा म्हणतो, पण ज्याचं नावच हजेरीपटावर नाही त्याला काढायलाही लागत नाही. अशा माणसाची अडचण नेमकी उलटी असते. जखम ओली असताना तो मशीनवर परत येतो. लबाडी करणारा एखादा असेलही. त्याच्यासाठी डॉक्टरांची तपासणी कडक करता येते. त्याच्यामुळे बाकीच्यांचा पगार का बुडवायचा, याचं उत्तर या आक्षेपात नाही. जर्मनीत अशा माणसाला पहिले सहा आठवडे मालकाकडून पूर्ण पगार मिळतो आणि नंतर एकूण पगाराच्या ऐंशी टक्के. तिथले कारखाने ओस पडल्याचं कोणी ऐकलेलं नाही.

ठेकेदाराचं नाव निघालंच आहे तर तो आक्षेपही घेऊ: माणूस आमचा नाही, ठेकेदाराचा. १९२३च्या कायद्यातही मुख्य मालक भरपाईला बांधलेला आहे, नंतर त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी. विम्यातही ठेकेदारी कामगाराची वर्गणी आधी मुख्य मालकाने भरायची. म्हणजे कायद्यात ही पळवाट कधी नव्हतीच. आहे ती कागदावर नाव नसण्याची. अमुदानच्या स्फोटानंतर अवशेषांची ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. त्या पाळीला आत कोण होतं हे ज्या घराला कागदाने दाखवता येत नाही, त्या घरासाठी भरपाईचं सूत्र कितीही उदार असलं तरी आकडेमोड सुरूच होत नाही. विम्यात नोंदणी अपघाताच्या आधीची आहे की अपघाताच्या संध्याकाळी घाईने केलेली, यावरून वाद होतात ते याच कारणाने. संहितेत दोन तरतुदी आहेत, ज्या डोंबिवलीसाठीच लिहिल्यासारख्या वाटतात. धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या आस्थापनेत एकच कामगार असला तरी विमा लागू करता येतो. आणि मालकाने नोंदणी केली नसेल किंवा वर्गणी भरली नसेल तर विमा महामंडळाने कामगाराला लाभ द्यावा आणि रक्कम मालकाकडून वसूल करावी. पहिली अधिसूचनेवर अवलंबून आहे, दुसरी अधिकाऱ्याच्या इच्छेवर.

शेवटचा आक्षेप कामगारांकडूनच येतो आणि तो मला सर्वांत जड वाटतो: ईएसआयचा काय उपयोग, तिथे औषध मिळत नाही. वागळे इस्टेट आणि उल्हासनगरच्या कामगार रुग्णालयांबद्दलची नाराजी जुनी आहे आणि ती खोटी ठरवण्याचा माझा मुळीच विचार नाही. दवाखाना वाईट असेल तर लोक कापली जाणारी वर्गणी दंड समजतात आणि 'कापू नका, हातात द्या' असं स्वतःच मालकाला सांगतात. मालकाला तेवढंच हवं असतं. पण दवाखाना आणि रोख लाभ या एकाच योजनेच्या दोन वेगळ्या बाजू आहेत. उपचार बाहेर घेतले तरी, विम्याच्या डॉक्टरचा दाखला असेल तर, इजेच्या काळातली रक्कम बँक खात्यात जमा होते, तिला रुग्णालयाच्या खाटेशी देणंघेणं नाही. लोकलने कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, २०१० पासून विम्यात बसतो. मुंब्र्याजवळ ९ जून २०२५ रोजी गाडीतून माणसं पडली, त्या मार्गावरच्या फलाटांवर रोज उभ्या राहणाऱ्यांपैकी कितीजणांना हे कोणी सांगितलं असेल? दुरुस्ती रुग्णालयांची करा, जोरात करा. योजनेतून बाहेर पडणं ही दुरुस्ती नाही.

जुलै २०२५ पासून 'स्प्री' नावाची विमा नोंदणी मोहीम चालली. तिच्यात नव्याने नोंदणी करणाऱ्या मालकाकडे मागच्या काळाची वर्गणी मागायची नाही, चौकशी करायची नाही, अशी सवलत होती. मालकाला मागचं माफ करून पुढे आणायचं, हे धोरण म्हणून मी समजू शकतो. मग कामगारासाठीही तितकंच सोपं काही करा. २१,००० आणि १५,००० या दोन्ही मर्यादा महागाई निर्देशांकाला बांधा, म्हणजे दर काही वर्षांनी कोणाच्या मेहेरबानीची वाट पाहायला नको. डोंबिवली एमआयडीसीचे दोन्ही टप्पे, बदलापूर आणि अंबरनाथ इथले रासायनिक कारखाने धोकादायक म्हणून अधिसूचित करून तिथल्या प्रत्येक माणसाला, ठेकेदाराच्या असो वा मालकाच्या, विमा क्रमांक द्या. आणि पुढच्या अपघातानंतर मंत्रालयातून पाच लाखांचं पत्रक निघेल तेव्हा त्यातच खाली लिहा: मृत आणि जखमींपैकी किती जणांचा विमा होता, नसलेल्यांसाठी मालकाने आयुक्ताकडे किती रक्कम, कोणत्या तारखेला जमा केली.